लंडनच्या वेळेवरचा मंगळ

माझ्या नातीला मंगळ लागला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. लोकांना तो जन्मताना लागतो. हिला रविवारी सकाळी फोनवर लागला. मी तेव्हा खाली बसून जवळा निवडत होते.

फोन नातीला सांगून आलेल्या मुलाच्या आईचा होता. त्या ठाण्याला वर्तकनगरात राहतात. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यात आणि बोलणं इस्त्री केल्यासारखं. त्यांनी माझ्या सुनेला सांगितलं, "मुलगी आम्हाला पसंत होती. पण छत्तीसपैकी चौदाच गुण जुळतात आणि मुलीला कडक मंगळ आहे. तेव्हा आपण इथेच थांबलेलं बरं." सुनेने फोन ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हणाले, "आधी जवळा धुऊन टाक, मांजर येतंय. मग रड."

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे कुणाचं काय जाणार होतं ते कळेल. हे स्थळ बाहेरून आलेलंच नव्हतं. नात आणि तो मुलगा ठाण्याला एकाच कंपनीत कामाला. चार वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खात होते. लग्न करायचं दोघांनी ठरवून टाकलं होतं. अडचण एकच, मुलाची आई. तिचा पत्रिकेवर भारी विश्वास. थोरल्या मुलाचं लग्न तिने डोंबिवलीच्या एका वधूवर संस्थेतून जमवलेलं. त्या संस्थेत जन्मवेळ सांगितली की कंप्युटरच गुण काढून देतो. थोरल्याचे एकतीस जुळले होते. ते एकतीस गुण बाई येणाऱ्याजाणाऱ्याला पेढ्यासारखे वाटत.

तेव्हा या दोन शहाण्यांनी काय करावं? दोघांनी त्याच संस्थेत आपापली नावं घातली. म्हणजे कंप्युटर जुळवेल, आईला वाटेल तिनेच शोधलं, आणि सगळं गोड होईल. माझ्या मुलाला आणि सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला होतं. नातीने मलाच येऊन विचारलं होतं, "आजी, माझी जन्मवेळ काय?"

"आईला विचार."

"ती म्हणते तिला आठवत नाही."

"बरोबर आहे. ती कामात होती. पहाटे पावणेपाच. मी दाराबाहेर उभी होते आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं."

एवढं सगळं करून मिळाले चौदा गुण आणि वर मंगळ.

मुलगा म्हणाला, आपण आईला न विचारता करू. नात म्हणाली, मला त्या घरात राहायचंय, दार उघडं असेल तर येईन, नाहीतर नाही. तशी ती हट्टी आहे. आमच्या घरात सगळ्याच बाया तशा, सून सोडून. त्या रविवारी ती जेवली नाही. सोमवारी कामावर गेली, संध्याकाळी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मंगळवारी पण तेच.

मला पत्रिकेचं काही पडलेलं नाही. माझं माहेर खाडीकाठच्या मिठागरातलं. मुलगी बघायला आले की तिच्या डोक्यावर मिठाची पाटी ठरते की नाही एवढं बघायचे. लग्न होऊन मी शहाडला शेतावर आले. त्या शेतात आता बिल्डिंगा आहेत आणि त्यातल्याच एका बिल्डिंगीत आम्ही राहतो. पण नात अशी पडून राहिलेली मला बघवेना. बघवेना म्हणजे, तिच्या वाटचं पाणी मला भरावं लागत होतं.

म्हणून मी तिला म्हटलं, "तो कागद दाखव."

संस्थेने फोनवर पाठवलेला कागद तिने मोठा करून दाखवला. त्यात जन्मवेळ नव्हती. वार होता, रास होती, आणि मंगळापुढे तांबड्या अक्षरात 'कडक' होतं. मी वाचलं. जन्मवार बुधवार.

"बुधवार बरोबर आहे," मी म्हणाले. "म्हणजे कागद बरोबर आहे. झोप."

इथे मी तिचे दोन दिवस फुकट घालवले.

गुरुवारी मी बाजारात गेले. मासळीवाली मांदेली जोखत होती. हल्ली सगळ्यांचा काटा बॅटरीवर चालतो, पण हिच्याकडे अजून जुनी तागडी आहे, कारण त्यात अंगठा ठेवता येतो. त्या तागडीकडे बघताना मला नातीचं बारसं आठवलं. गुरुजी म्हणाले होते, "तूळ रास. मंगळ नाही." मी म्हणाले होते, "तूळ म्हणजे तराजू ना? मीठवाल्यांच्या घरात बरोबर आली. आणि मंगळ नाही म्हणता, मग एवढी बोंबलते कशाला?" गुरुजी हसले नाहीत.

आणि संस्थेच्या कागदावर रास होती कन्या.

घरी येऊन मी नातीला उठवलं. "तुझी रास तूळ आहे. कागद खोटा आहे."

"परवा तूच म्हणालीस बरोबर आहे."

"परवा मी वार बघितला. वार बरोबरच आहे, बुधवार."

ती उठून बसली. "आजी, हॉस्पिटलच्या दाखल्यावर गुरुवार आहे."

"हॉस्पिटलवाल्यांना काय कळतं? दिवस उगवला नव्हता. सूर्य वर येईपर्यंत बुधवारच असतो."

आमच्यात तसंच आहे. पंचांगातही तसंच आहे. रात्री बारा वाजता वार बदलतो हे मला शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, मी चौथीपर्यंतच शिकले, पण तेवढ्यात मला ते पटलं नाही. अंधारात कशाला कोण वार बदलायला बसलंय? आमच्या घरात म्हणून नातीचा वार बुधवार, आणि त्या कागदावरचा बुधवार कुणालाही खटकला नाही. शहाण्या घरात लगेच कळलं असतं.

नात मात्र माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने बोटांवर मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. उठून लॅपटॉप आणला.

"पावणेपाचातून साडेपाच तास वजा केले की काय होतं?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस? तुझं शिक्षण माझ्या जमिनीच्या पैशावर झालंय."

"आदल्या रात्रीचे सव्वाअकरा. बुधवार रात्र." तिने एक दुसरं पत्रिकेचं पान उघडलं, त्यात खरी वेळ घातली. तूळ रास, मंगळ नाही. मग साडेपाच तास मागची वेळ घातली. कन्या रास, मंगळ कडक. अगदी संस्थेच्या कागदासारखं. ती हसायला लागली. पाच दिवसांनी हसली, ती पण अशी की सून आतून पळत आली.

"आजी, हा बुधवार तुझा नाही. लंडनचा आहे."

मग तिने मला समजावलं आणि मी दोनदा सांगायला लावलं, म्हणून मला येतं. जगभरातले लोक एकाच यंत्रात वेळा भरतात. कुणी अमेरिकेतून, कुणी कल्याणहून. ज्याने त्याने आपापली वेळ भरली तर गोंधळ होईल. म्हणून सगळं एकाच घड्याळाने ठेवायचं. त्याला ते यूटीसी म्हणतात, आणि ते लंडनकडच्या घड्याळाशी जुळतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आपली वेळ ठेवताना साडेपाच तास कमी करायचे आणि बाहेर काढताना परत मिळवायचे. नातीची नोकरीच ती आहे, ठेवलेलं बाहेर काढायचं. त्या मागणीला क्वेरी म्हणतात. माळ्यावरून काय काढायचं ते नीट सांगितलं तर लोणच्याची बरणी मिळते, नाहीतर रॉकेलचा डबा, तसंच ते.

"मग संस्थेने चुकीचं ठेवलं?"

"ठेवलं बरोबर. काढताना परत फिरवलं नाही. तसंच उचलून पत्रिकेला दिलं."

"म्हणजे सुके बोंबील डब्यात ठेवले ते बरोबर. भिजवल्याशिवाय कालवणात टाकले."

"हेच आमच्या साहेबांना सांगायला मला अर्धा दिवस लागला असता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सुटी घेतली आणि आम्ही दोघी डोंबिवलीला गेलो. संस्था म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. भिंतीवर जोड्यांचे फोटो, पंख्याने हलणारे. संस्थेच्या बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, कपाळावर मोठं कुंकू, समोर लॅपटॉप. आम्ही म्हणालो, कंप्युटर चुकलाय. त्या म्हणाल्या, "कंप्युटर चुकत नाही."

"मग बनवणारा चुकलाय," मी म्हणाले.

"माझ्या भाच्याने बनवलंय. तो कॅनडात असतो."

"त्याला फोन लावा."

"आता तिकडे झोपले असतील."

"बघा," नात म्हणाली, "हेच म्हणतेय मी."

बाईंना कळलं नाही, पण त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या. नातीने त्यांच्याच देखत त्यांची स्वतःची जन्मवेळ आधी संस्थेच्या यंत्रात आणि मग त्या दुसऱ्या पानावर घालून दाखवली. त्यांची रास बदलली नाही, फक्त स्वभावातला एक ओळीचा मजकूर बदलला. 'संयमी' होतं ते 'हट्टी' झालं. तेव्हा बाईंचा विश्वास बसला. भाच्याने संकटकाळासाठी म्हणून दिलेला पासवर्ड त्यांनी काढून दिला.

नातीने लगेच हात घातला नाही. आधी विचारलं, "मध्ये कुणी हाताने वेळ वाढवून भरत नाही ना? नाहीतर दोनदा मिळवलं जाईल."

मला ते पटलं. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ सून दहा मिनिटं पुढे ठेवते. सगळ्यांना ते ठाऊक, म्हणून सगळे मनात दहा मिनिटं वजा करतात. एकदा माझ्या मुलाला कुठून अक्कल सुचली, त्याने घड्याळ गुपचूप बरोबर केलं. सगळ्यांनी सवयीने दहा मिनिटं वजा केली आणि घरातलं प्रत्येक माणूस उशिरा पोहोचलं. तो स्वतःसुद्धा.

संस्थेच्या बाई म्हणाल्या, असं काही कुणी करत नाही. मग नातीने सगळ्या माहितीची एक वेगळी प्रत काढली, म्हणजे बिघडलं तर प्रत बिघडेल, आणि त्यात एक ओळ टाकली. मी विचारलं काय लिहिलंस. तिने वाचून दाखवलं, "ही वेळ यूटीसीतली आहे असं धर, आणि मला कोलकात्याच्या वेळेने दे."

"कोलकाता कशाला मेलं? तू कल्याणला जन्मलीस."

"यंत्राला कल्याण माहीत नाही. सगळ्या भारताला ते कोलकाताच म्हणतं."

"हे वर्तकनगरला सांगू नकोस. तिसरी पत्रिका मागतील."

ओळ चालली. नातीची रास तूळ झाली, मंगळ गेला, आणि मुलाशी गुण जुळले सव्वीस. नात खुर्चीत मागे रेलली. मी म्हणाले, चला, काम झालं. तर संस्थेच्या बाई उत्साहात आल्या. "आता माझी सगळ्यात गाजलेली जोडी बघ. त्यांच्याच घरातली, थोरल्याची. एकतीस गुण. बघ आता पस्तीस होतील."

नातीने बघितलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

तेरा. आणि थोरल्या सुनेला मंगळ. कडक.

पंख्याने भिंतीवरचा त्या दोघांचा फोटो हलत होता. फोटोत दोघं चांगली गुबगुबीत होती. संस्थेच्या बाईंनी लॅपटॉपचं झाकण खाली केलं, जसं उतू जाणाऱ्या दुधाचं भांडं ओढतात.

"फक्त तुझं नीट कर," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना हात लावू नकोस."

"एकाचं करता येत नाही. ओळ एकच आहे. सगळे तिच्यातूनच बाहेर येतात."

"त्या बाईंनी मला अर्धं वर्तकनगर पाठवलंय. त्या हो म्हणाल्या तर टाक तुझी ओळ. नाही म्हणाल्या तर मी तुला कधी बघितलंच नाही."

परतताना नात चिंतेत होती. मी नव्हते. मला गंमत वाटत होती. त्या बाईंपुढे आता दोनच वाटा. कंप्युटर बरोबर म्हणावं तर माझी नात गेली. कंप्युटर चुकला म्हणावं तर एकतीस गुण गेले, ज्यांच्यावर त्यांनी अकरा वर्षं मिरवलं. मी म्हणाले, "रविवारी मी येते तुझ्याबरोबर."

"तू येऊन काय करणार?"

"बसेन. म्हातारं माणूस बसलेलं असलं की लोक ओरडत नाहीत."

रविवारी वर्तकनगरला गेलो. नीटनेटकं घर. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर प्लास्टिक. मुलाची आई समोर, मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीत, थोरली सून आत चहा करत होती. थोरला मुलगा झोपला होता. रविवारी दुपारपर्यंत झोपतो म्हणाले.

"या आजी, बसा," बाई म्हणाल्या. "पण मी फोनवर सांगितलंय, माझा विचार बदललेला नाही."

"विचार नका बदलू विहीणबाई. फक्त घड्याळ बदललंय."

"अजून विहीणबाई नाही झाले मी."

"बरं, मग नुसत्या बाई."

नातीने सगळं सांगितलं. ठेवणं, काढणं, साडेपाच तास. बाई बँकेतल्या, त्यांना माझ्यासारखं दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा लावला, दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही प्रश्न वर्मावरचे होते. नंतर त्यांनी सव्वीसवर बोट ठेवलं आणि चेहरा जरा सैल झाला. मुलगा खुर्चीत पुढे सरकला.

"म्हणजे मंगळ नाहीच," बाई म्हणाल्या.

"नाही," नात म्हणाली. "पण एक आहे. ही ओळ टाकली की सगळ्यांचंच बदलेल."

"म्हणजे?"

नात माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "म्हणजे तुमच्या एकतीसचे तेरा झालेत."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिल्या. आतून कपबशीचा आवाज येत होता, तो थांबला.

"हळू बोला," बाई म्हणाल्या. मग खाली वाकून नातीला म्हणाल्या, "तू यातली आहेस. असं करता येईल का, की ज्यांची लग्नं झालीत त्यांचं जुनंच दिसेल आणि पुढच्यांचं नवीन?"

"वेगळी अट घातली तर करता येतं."

"मग तसं कर. आणि तुमचं ठरलं असं समज."

झालं होतं. तिथल्या तिथे झालं होतं. लग्न झालेल्यांचा जन्म लंडनला, बिनलग्नाच्यांचा कोलकात्याला, कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी नातीला कोपराने ढोसलं, की मान हलव आणि चहा घे.

नात म्हणाली, "नाही करणार."

"का?"

"ती चूक आहे. मला ठाऊक असून मी ती मुद्दाम ठेवायची. उद्या दुसरं कुणी ते उघडेल, त्याला वाटेल लग्न झालं की माणसाची जन्मवेळ बदलते."

"बदलते पण," मी म्हणाले. "मला विचार."

कोपऱ्यातून मुलगा म्हणाला, "अगं, एक कंडिशन तर टाकायचीय. आपण ऑफिसात रोज टाकतो."

तिने त्याच्याकडे बघितलं. फक्त बघितलं. तो खुर्चीत परत मागे गेला. लग्न झालंच तर त्या घरात पुढे कुणाचं चालणार ते मला तेव्हाच कळलं.

"हे बघ," बाई म्हणाल्या, आणि आता आवाजाची इस्त्री मोडली होती, "एका ओळीसाठी तू हे स्थळ सोडणार?"

"स्थळ नाही सोडत. तुम्ही नाही म्हणालात तर येणार नाही, एवढंच. पण ओळ खोटी लिहिणार नाही."

मला तिचा राग आला. शिकवलं हेच चुकलं असं वाटलं. चौथीनंतर घरी बसवली असती तर गुपचूप हो म्हणाली असती. तेवढ्यात थोरली सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. चांगली उंच, खांद्याला ओढणी, चेहऱ्यावर असं काही, की घरात रोज थोडं थोडं हसू दाबून ठेवलेलं असावं. तिने प्रत्येकाला चहा दिला. मला साखर जास्त घातलेली दिली, न विचारता. मग रिकामा ट्रे पोटाशी धरून उभी राहिली.

"आई, मला मंगळ आहे ते मला माहीत आहे."

बाईंनी कप खाली ठेवला.

"आमच्या गुरुजींनी लहानपणीच काढला होता," सून म्हणाली. "कडक. माझ्या आईने चार स्थळं त्यापायी घालवली. मग या संस्थेत नाव घातलं तर कागदावर मंगळच नाही. मी आईला म्हटलं, हे चुकलंय, सांगूया. आई म्हणाली, कंप्युटर नाही म्हणतोय ना? मग तू कोण हो म्हणणारी? गप्प बस."

"आणि तू गप्प बसलीस? अकरा वर्षं?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत. तुम्ही फक्त एकतीस सांगत होतात."

मला चहा खाली ठेवावा लागला, ठसका लागेल म्हणून. नात खाली बघत होती. मुलगा तोंडावर हात धरून होता.  बाईंनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं, जिथे थोरला झोपला होता.

"मंगळाच्या बायकोने नवऱ्याला धोका असतो म्हणतात," त्या म्हणाल्या. "मग तो इतका ठणठणीत कसा?"

"ठणठणीत नाही आई, त्याच्या शर्टाची बटणं लागत नाहीत," सून म्हणाली. "धोका असलाच तर तो माझ्या डाळिंबी उसळीचा आहे."

आतून घोरण्याचा आवाज आला. अगदी वेळेवर आला, भारतीय वेळेने.

कुणी तरी हसायला पाहिजे होतं आणि ते मीच हसले. मग सून हसली. बाई हसल्या नाहीत, त्या तशा नाहीत. त्यांनी चष्मा परत लावला, सुनेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं आजच घरात आली आहे, आणि म्हणाल्या, "उसळीत तेल कमी घालत जा." त्यांचं तेवढंच बोलणं झालं त्या विषयावर. अकरा वर्षांचा हिशेब त्यांनी तेलावर मिटवला. मला ते आवडलं.

मग नातीकडे वळल्या. "घाल ती ओळ. सगळ्यांना एकच."

"तुमचे एकतीस जातील."

"कळलंय मला. मी बँकेत होते, मला तूट दाखवता येते. आणि तुमचे सव्वीस नक्की आहेत ना? परत एकदा काढ माझ्यासमोर."

मला राहवेना. "अहो, तेरा गुणांत तुमचा थोरला एवढा सुखात आहे. मग सव्वीस कशाला बघता?"

"आजी," बाई म्हणाल्या, "मिळतायत ते घेऊ द्या."

नातीने तिथेच सोफ्यावर बसून, प्लास्टिक करकर वाजत असताना, ती ओळ टाकली. आधी डोंबिवलीला फोन करून बाईंच्या तोंडचं हो ऐकवलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, निदान पडदा हलेल. काही झालं नाही. कुणाचा मंगळ गेला, कुणाला लागला, आणि सगळी आपापल्या घरी जेवून झोपलेली असतील.

संस्थेच्या बाईंचा फोन पुढे आठवडाभर वाजत होता म्हणे. त्यांनी एक उत्तर ठरवून टाकलं, 'आमच्याकडे आता सुधारित पत्रिका मिळते.' नावं घालणारे वाढले. कॅनडाच्या भाच्याने ते आपणच केलं असं सांगितलं.

लग्न मार्गशीर्षात झालं. मुहूर्त बाईंनी गुरुजींकडून हाताने काढून घेतला आणि नातीला तो कंप्युटरवर तपासायला लावला. थोरली सून आता सासूशी जरा वाजलं की पोळी लाटता लाटता म्हणते, "आई, मला मंगळ आहे हं." बाई म्हणतात, "माहीत आहे, पोळी करपते." नातीने हे मला सांगितलं तेव्हा मला कळलं, पोरगी बऱ्या घरात पडली.

परवा विहीणबाईंचा फोन आला. आता मी म्हणते आणि त्या दुरुस्त करत नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमची जन्मवेळ सांगा. सहज. तुमची रास बघायचीय, म्हणजे तुमच्याशी कसं वागायचं ते कळेल."

मी म्हणाले, "मिठागराच्या झोपडीत कुणाकडे घड्याळ होतं? आई सांगायची, ओहोटी लागली तेव्हा झाले."

"कुठल्या दिवशी?"

"ओहोटी रोज लागते."

त्या म्हणाल्या, "हे यंत्रात भरता येणार नाही."

"मग मला न बघताच वागा," मी म्हणाले. "आणि रविवारी या. जवळा आणलाय."

"आम्ही खात नाही."

"तुमचा धाकटा खातो. चार वर्षं खातोय. त्यालाच विचारा."